पानामागे अडीचशे

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या गल्लीत
स्टॅम्पवाल्या खिंवसरांच्या टेबलाला टेबल लावून
मी बसते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोड,
इंग्रजीचं मराठी, पानामागे अडीचशे.
खालून मेट्रो गेली की चहात वर्तुळं उठतात.

सोमवारी बेहेरे वकिलांचा पोऱ्या
एक फाइल ठेवून गेला.
चाकणच्या कुठल्याशा कारखान्यातल्या कामगारांनी
मालकाला पत्र लिहिलेलं, चार ओळींचं:
आम्ही तोफगोळ्याची कवचं घडवतो.
ती कुठे जातात?
जिथे जातात तिथे लढाई चालू आहे का?
असेल, तर हे कायद्यात बसतं का?
खाली एकेचाळीस सह्या.
पहिली लेथवरच्या फिलोमन पारखे यांची,
शाळेत गिरवल्यासारखी.

मालकाचं उत्तर अठ्ठावीस पानी.
कायद्यात बसतं.
मी तीनदा वाचलं, खरंच बसतं.
परवाना आहे, परवान्याला तारीख आहे,
माल ज्या बंदरात उतरतो
तो देश कोणाशीच लढत नाही,
आणि पुढे कोणाला देणार नाही असं
त्यानं लिहून दिलंय.
लिहून दिलेलं आपण खरं धरलंय.
अख्ख्या उत्तरात खोटं एकही वाक्य नाही.
सातबाऱ्यातसुद्धा इतकं कधी जुळत नाही.

अकराव्या पानावर अडकले.
'एंड यूजर' याचा दाखला.
वापरकर्ता लिहावं तर मोबाइलचं बिल वाटतं.
जुन्या कोशात सापडलं: अंतिम उपभोक्ता.
शब्द चांगला भारदस्त, शिक्क्याखाली शोभणारा.
पण त्याच्या पोटात भोग आहे,
आणि आपल्याकडे भोग दोन्ही दारांनी येतो:
देवापुढे ठेवतात तो,
नि कपाळी येतो तो.
भोगलं म्हणताना
सुख की दुःख, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं.
कागदाला तोंड नसतं.

माझा बाप खडकीच्या कारखान्यात होता.
एकाहत्तरच्या डिसेंबरात पाळीवर पाळी,
बोटं पिवळी, ताटातला भातही पिवळा व्हायचा.
त्या ओव्हरटाइमची मला सायकल आली.
तिच्यावरून मी कॉलेजात गेले, इंग्रजी शिकले,
म्हणून आज ह्या टेबलाशी.
कुठे जातात, असं तेव्हा कोणी विचारलं नाही.
रेडिओ रोज सांगायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो.
हे लपवून पारख्यांच्या बाजूनं बोलायला
मला जमणार नाही.

बेहेऱ्यांना फोन लावला.
ते म्हणाले, वाल्हेकरबाई, तो तांत्रिक शब्द आहे,
तांत्रिक शब्दाला अर्थ विचारू नये.
उद्या साडेदहाला हवंय.

रात्री टाइप केलं:
अंतिम उपभोक्ता, म्हणजे शेवटी भोगतो तो.
पुसलं.
दाखल्यावर नाव एका खात्याचं,
खाली कुण्या कर्नलची लफ्फेदार सही.
ज्याच्या पत्र्यावर ते कवच पडेल
त्याची सही घ्यायला रकाना नव्हता,
आणि मूळात नाही ते
भाषांतरात घालायचं नाही,
हा आमच्या धंद्याचा एवढा एकच कायदा.
भाषांतर मूळाबरहुकूम असे, असं लिहून
मीही सही केली.
सात हजार झाले. वकिलांनी साडेसहा दिले.

गुरुवारी एक माणूस गल्लीत विचारत आला.
हातात माझीच अठ्ठावीस पानं,
नखांत ऑइलची काळी रेघ.
अकराव्या पानावर बोट ठेवून म्हणाला,
बाई, सगळं समजलं. हे उपभोक्ता म्हणजे कोण?

खिंवसर शिक्का मारायचे थांबले.

भोगणारा, मी म्हणाले.

त्यानं खिशातलं पेन काढलं,
पान माझ्याच टेबलावर सपाट केलं
आणि समासात, गिरवून गिरवून,
लिहून घेतलं.