हाकेच्या अंतरावर

कास्त्रोतली आमची घरं समुद्रात खांब रोवून उभी आहेत.
पाठ पाण्याकडे, तोंड रस्त्याकडे.
ओहोटी लागली की मागच्या खिडकीतून चिखल दिसतो,
कलंडलेल्या होड्या, कुणाचा तरी एकटा बूट.
पुढच्या दारातून दिसतो रस्ता.
पुढचं दार मी आता कमी उघडते.

चेर्कान त्याचं नाव. चिलोएतल्या एका मूठभर पाखराचं.
तो वासराएवढा झाला, तोवर नाव बदलायचं राहून गेलं.
बेलार्मिनो म्हणायचा, "पाखरा, ऊठ,"
आणि पाखरू त्याच्या बुटांवरच बसकण मारायचं.

मंगळवार होता. मी कालवं शिजत ठेवली होती.
रस्त्यापलीकडे, पावाच्या दुकानापाशी,
तो कशाचा तरी वास घेत उभा होता.
मी हाक मारली.
एवढंच.
त्यानं वर पाहिलं, कान मागे केले,
आणि निघाला.
अकरा वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं
की मी हाक मारली आणि तो आला नाही.

माशांचा ट्रक एलिएसेर चालवत होता,
उबेर्लिंदाबाईंचा नातू, नुकता विशीतला.
हातात टोपी चुरगळत तो माझ्याहून जास्त रडला.
मी त्याला पाणी दिलं. आत कालवं करपली.

लोक म्हणाले, उतार. लोक म्हणाले, ओला रस्ता, वेळ वाईट.
उबेर्लिंदाबाई म्हणाल्या, माझ्या बहिणीकडे पिल्लं झालीत.
त्याआधी एक हाक होती,
हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तेव्हापासून मी हाक मारत नाही.
जेवण झालं की डावानं पातेलं वाजवते.
शेजारी काही सांगायचं तर उठून जाते.
बाजारात बहीण दिसली, पाठमोरी, हाकेच्या अंतरावर;
बटाट्यांच्या पोत्यांमधून वाट काढत गेले
आणि खांद्याला हात लावला. केवढी दचकली.

हाकेच्या अंतरावर म्हणजे जवळ, असं मी समजत आले.
मोजून पाहिलं: तेवीस पावलं.

रात्री तेच. कान मागे होतात. कान मागे होतात.
अकरा वर्षांवर ते तीन-चार क्षण येऊन बसलेत,
बुटांवर बसलेल्या त्याच्यासारखे, जडशीळ,
ऊठ म्हटलं तरी उठत नाहीत.

जुलैतल्या एका रात्री, चुलीतली लाकडं विझताना,
धुराबरोबर भलतंच आठवलं.
धुरी दिलेल्या शिंपल्यांची माळ, उबेर्लिंदाबाईंची,
त्यानं खाल्ली होती. दोरीसकट.
रात्रभर बादलीतलं पाणी ढोसलं,
आणि त्याच्या पोटातल्या वाऱ्यामुळे
ऐन थंडीत खिडक्या सताड उघडून
आम्ही लोकरी टोप्या घालून झोपलो.
दोरीचं पुढे काय झालं ते विचारू नका.
अंधारात मला हसू फुटलं.
मग हसल्याचा राग आला.
मग पुन्हा ती दोरी.

काल बेलार्मिनो डबा विसरून निघाला.
पलीकडे पोचलासुद्धा, पावाच्या दुकानापाशी.
नेमका तिथंच.
मी पातेलं वाजवलं. त्याचा डावा कान तसाही कामातून गेलेला.
मग घशातून ते आलंच,
त्याचं नाव, अख्खं, गंजलेल्या आवाजात.

तो वळला. पण निघाला नाही.
आधी चढाकडे पाहिलं. मग बंदराकडे.
मग पुन्हा चढाकडे, रस्ता रिकामा होता तरी,
मान पुरती वळवून, मला दिसेल अशी.
मग एकेक पाऊल, सावकाश.

"ओ," तो म्हणाला. "काय गं?"

"डबा," मी म्हटलं.