अखर्चित शिल्लक

मागितले होते नव्वद हजार.
मंजूर झाले पस्तीस,
तेही दोन हप्त्यांत,
दुसरा हप्ता काम संपल्यावर.
म्हणजे आधी नदीत उतरा, मग होडीचे पैसे मागा.

सादरीकरणाला सहा मिनिटं दिली होती.
समितीतल्या एका सरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
'गंगाखेडच्या शिंपल्यांचा समाजाला उपयोग काय?'
म्हटलं, सर, एकेक शिंपला
दिवसाला घागरभर पाणी गाळतो.
'बरं,' म्हणाले,
आणि पान उलटून अंदाजपत्रकावर आले.
प्रवास निम्मा कापला. प्रिंटरची शाई पूर्ण कापली.
व्हर्नियर कॅलिपर राहू दिला.

सटवाजी भोयाची होडी, चौदा रविवार,
कारण इतर दिवशी तास असतात.
वैशाखात पाणी गुडघ्याएवढं,
काही ठिकाणी आम्हीच होडी ढकलायचो,
भाडं मात्र होडीचं.
तो बांबू रोवून दाखवायचा,
'हितं थरच्या थर होते. हितं टोपलं भरायचं.'
हितं आता वाळू उपसलेला खड्डा,
काठापासून तळापर्यंत टिप्परच्या चाकांची नक्षी
आणि बुडाशी पोपटी, न हलणारं पाणी.

बावीस जागा. जिवंत शिंपले: शून्य.
शून्य.
शून्य.
प्रत्येक शून्य मी नीट गोल काढलं.
मुलांना सांगतेच की वर्गात,
काही सापडलं नाही, हेही लिहायचं असतं.

रिकामे सापडत गेले.
ते मोजले मिलिमीटरच्या दशांशापर्यंत,
कॅलिपरचं बिल होतं ना, जीएसटीसकट.

मग लेखा विभाग, तिसरा मजला.
जिलानीसाहेबांच्या टेबलावर माझी फाईल, तिला पिवळी चिठ्ठी:
होडीभाडे रुपये पाच हजार सहाशे. रीतसर पावती नाही. खुलासा करावा.

सटवाजीला म्हटलं, बिल लागतंय.
'लाइटीचं का?'
शेवटी कोऱ्या कागदाला महसुली तिकीट चिकटवलं
आणि त्यावर अंगठा.
अंगठा तिकिटात मावेना, अर्धा कागदावर उतरला.
रेषांमध्ये होडीचं डांबर.

जिलानीसाहेबांनी कागद खिडकीकडे धरला.
बराच वेळ.
'आमी पैठणचे, मॅडम. सीप म्हणायचो आमी.
तान्हा असताना लई आजारी होतो म्हणे,
अम्मी सीपनंच दूध पाजायची.'
मग होडीभाड्यावर बरोबरची खूण केली
आणि चहाच्या बिलावर फुली.
'आकस्मिक खर्चात चहा बसत नाही.'

अखर्चित शिल्लक दोनशे बारा रुपये,
धनाकर्षानं परत करणे.
धनाकर्षाचे एकोणसाठ बँकेनं घेतले. ते माझे.

साहित्य जमा करून डेडस्टॉक नोंदवहीत चढवलं:
कॅलिपर, एक नग.
चाळण्या, दोन.
शिंपले, रिकामे, तीनशे एकोणीस.
आमचा गव्हाणे वही धरून होता, हळूच म्हणाला,
'मॅडम, ह्ये तर खरंच डेड.'

एक गोष्ट अहवालात नाही.
शेवटच्या रविवारी, रेल्वेपुलाच्या चौथ्या खांबाशी
वाळूत एक फट उघडत होती, मिटत होती,
करंगळीच्या नखाएवढी.
सटवाजीनं बाही वर केली, 'काढू?'

हातात नमुना नाही तर पुरावा नाही,
पुरावा नाही तर तक्त्यात त्या जागेपुढंही शून्यच.
'राहू दे,' म्हटलं.
होडीतच मांडीवर तक्ता घेऊन
बाविसावं शून्य काढायला घेतलं.
पेन थोडं अलीकडेच थांबलं.
गोल पुरतं मिटलं नाही.