पाहुण्यांचा स्टँड

सोळा शर्ट धुऊन वाळत घातले होते मी,
निळे, कॉलरला पांढरी पट्टी,
अकरा नंबरच्या कोपरावरचा
मागच्या रविवारचा गवताचा डाग काही निघत नव्हता,
तेवढ्यात येर्को सांगत आला:
बस जाणार नाही.
कमिटीत चार विरुद्ध तीन.
आपला गालेब कपची मॅच खेळायला
लुगोवात्सला जाणार नाही.

मी म्हटलं, मग इस्त्री करू की नको?

रात्री येलाच्या बारमध्ये पत्ते कुणी वाटलेच नाहीत.
फ्राने उभा राहून बोलला, बसूनही तेच बोलला:
"तोच स्टँड. तेच एकुलतं एक फाटक.
नऊ वर्षांत एक बिजागरी बदलली नाही,
परवा नुसता रंग फासलाय म्हणे, हिरवा.
जा ना, जा,
आणि कुलूप कुठल्या हाताने लावतात
ते बार्तुलला विचारून या."

बार्तुल त्याचा धाकटा भाऊ.
त्याचं नाव निघालं की येला
धुतलेला ग्लास पुन्हा धुते.

शिमे म्हातारा तरी बधला नाही.
"सत्तेचाळीस वर्षांनी इथवर आलोय, फ्राने.
माझे गुडघे साक्षीला आहेत.
न खेळता तीन-शून्य घ्यायचं डोक्यावर?
फेडरेशनला काय त्याचं,
बैलाच्या शिंगावर माशी बसली काय, उडाली काय!"

मग एकदम सगळेच.
कुणी म्हणे शेपूट घातली,
कुणी म्हणे ताठ मान याहून वेगळी नसते,
कुणी म्हणे दंड कोण भरणार, तुझा सासरा?
बसवाल्याने डिझेलचे पैसे मागितले
तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं, द्यायचे नाहीत.

दाराशी लुत्सिया उभी होती, सोळा वर्षांची.
"मला जायचंय," म्हणाली.
"तुला काय कळतंय, तू तेव्हा सात वर्षांची."
"हो. बाबांच्या खांद्यावर होते, त्या फाटकापाशीच.
वर हवा होती."

नंतर बराच वेळ
फ्रीजचा आवाज ऐकू येत होता.

शनिवारी टीव्ही लावायचा नाही असं ठरलं होतं.
लावला.
त्यांचे अकराजण ओळीत उभे, थंडीत पाय आपटत.
रेफ्री घड्याळाकडे बघतोय.
पंधरा मिनिटं थांबायचा नियम.
कॅमेऱ्याला दुसरं काम नव्हतं,
भटकत भटकत तो गेला पाहुण्यांच्या स्टँडमध्ये
आणि तिथे, सातव्या रांगेत,
एक माणूस. गळ्यात निळा मफलर.

"अरे, हा तर—"

सकाळपासून त्याची मासळीची गाडी
धक्क्यावर नव्हती, हे आता सगळ्यांना आठवलं.
"गद्दार!" येर्को ओरडला.
"आपल्याला नको म्हणाला आणि स्वतः बसलाय साहेबासारखा!"
"एकट्याने जाणं म्हणजे जाणं नव्हे."
"मग काय? देवदर्शन?"
"बहिष्कार म्हणजे बहिष्कार, त्यात अर्धामुर्धा नसतो."
शिमे, जो जायचं म्हणत होता,
तोच आता सगळ्यात जास्त चिडलेला.

लुत्सिया पडद्याच्या अगदी जवळ गेली.
"तो मॅच बघायला बसलेला नाहीये," म्हणाली.
खरंच.
मैदानाकडे पाठ करून बसला होता फ्राने.
हातात पावाचा तुकडा, न खाल्लेला.
नजर वर,
फाटकावर.

शिटी वाजली. तीन-शून्य.
त्यांनी टाळ्या वाजवल्या, जरा लाजतच, असं मला वाटलं.
येर्कोला तसं वाटलं नाही.
त्यावरही वाद झाला, तो अजून चालू आहे.

सोमवारी फ्राने माझ्याकडे मफलर टाकून गेला.
काठाला हिरवा रंग, बोटभर, अजून चिकट.
टर्पेंटाइन लावलं, साबण लावला, दगडावर घासला.
अकरा नंबरचं गवत गेलं एव्हाना,
हे जात नाही.

तो न्यायला आला तेव्हा विचारलंच,
"उघडं होतं का रे?"

मफलर उलटसुलट करून बघितला त्याने.
म्हणाला, "इस्त्री फार गरम नव्हती ना केलीस?
लोकर आहे."