कच्ची वही

सावद्याच्या वजनकाट्यावर मे महिन्यात
पत्रासुद्धा टणटण बोलतो.
सोळा गाड्या रांगेत
आणि आत पडद्यावर एक गोल नुसता फिरतोय.
रुबाब तडवी खिडकीतून हात घालतो,
"ताई, केयी भरेल हाये, गाडीतच पिकतीन. पावती दे ना!"

पावती म्हणजे सर्व्हरच्या तोंडचा एक शब्द:
लिहिलं.
तेवढाच येईना.
खाली चार जुन्या डिस्क गरगरतात,
दर वजनाला सुई आपली जागा हुडकत जाते,
सापडली की टेकते, मग मान हलवते.
तोवर पुढचं वजन दारात.

फेगडेशेठ म्हणाले,
"त्याला सांग, आधी लिहिलं म्हण, लिही मग सावकाश."

करता येतं तसं.
एका ओळीची आज्ञा आहे.
फैजपूरला मी दिली होती ती, दोन वर्षांपूर्वी.
काटा काय पळाला! मला पेढे मिळाले.
मग एका शनिवारी, हमालीचा हिशोब चालू असताना
लाइट गेली
आणि इन्व्हर्टरच्या पेटीत निघाल्या मुंग्या.
शेवटच्या चार सेकंदांचं लिहिलं, लिहिलं, लिहिलं
कुठंच लिहिलेलं नव्हतं.
अकरा नोंदी.
टोळी ओट्यावर बसून राहिली, कोणी भांडलं नाही,
भांडले असते तर बरं झालं असतं.

सुपडूअप्पा नेहेते तेव्हा तिथं मुनीम.
कॉम्प्युटर आला तरी त्यांची सवय सुटली नव्हती:
गुडघ्यावर उभी वही, पेन्सिलीचं बोटभर टोक,
जे होईल ते, होईल तसं, एकाखाली एक.
नाव शोधायचं नाही, खातं उघडायचं नाही.
खतावणी रात्री, जेवण झाल्यावर, डोक्यात ताजं असतानाच.
"कच्ची कोणी वाचत नाही, बेटा,"
म्हणत ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली.
पानांवर केळीच्या चिकाचे काळे डाग,
डागांच्या मधून अकरा ओळी.
मी वाचत गेले, ते टोळीतल्या एकेकाचं नाव मोठ्यानं घेत गेले.

म्हणून सावद्याला मी ती आज्ञा दिली नाही.
दोन पट्ट्या मागवल्या, बोटाएवढ्या,
एकीचं लिहिलेलं दुसरीतही.
दिवे गेले तरी मुठीत एक घोट वीज धरून
हातातली ओळ पुरी करणाऱ्या.
"चौसष्ट जीबी? माझ्या नातवाच्या मोबाइलला जास्त आहे!"
शेठ, दहा सेकंदांना किती पानं लागतात?

आता वजन आलं की पट्टीवर उमटतं, एकाखाली एक,
आणि "लिहिलं" येतं, खरं.
मेमरीतलं मग दर पाच सेकंदांनी
त्या थोराड डिस्ककडे जातं, लावून, ओळीनं,
त्यांच्याच चालीनं.
वही तशीच मिटलेली.
पान कोरं होतं, पुन्हा भरतं.
(जुने अहवाल उघडायला अजून तेवढाच वेळ लागतो,
हे शेठना दोनदा सांगून झालं.)

परवा लाइट गेली. बॅटरीही बसली.
परत आली तेव्हा सर्व्हरनं जन्मात पहिल्यांदा
ती पट्टी वाचली,
तीन सेकंद,
आणि पुढं निघाला.
रुबाब बिडी पेटवत होता, त्याला कळलंही नाही.

अप्पांना फोन केला. ऐकू कमी येतं आता.
"कोण वाचतं म्हणे तुझी वही?"
कोणी नाही, अप्पा.
"हां," ते म्हणाले, "मग चांगली आहे."
आणि विचारलं, अकरा नोंदींतल्या त्या
हिलाल कोळ्याच्या पोराचं लग्न झालं का.
ते मला ठाऊक नव्हतं.
ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.