किल्ली आत्याच्या खिशात

आधी इंजिन बंद. मग किल्ली
आत्याच्या खिशात, आणि खिशाची चेन वर.
मग थांबायचं.
तबकड्या थांबेपर्यंत आत्या
कॉफी पीत नाही, घड्याळ बघत नाही,
नुसती ऐकते.
"इंजिन थांबलं म्हणजे सगळं थांबलं असं नाही, कोलबेन.
पात्यांना बातमी उशिरा पोचते."

रात्रीचे अकरा. जुलै. ऊन अजून
फ्योर्दच्या पाण्यावर तिरपं बसलेलं,
उठायचं नाव घेत नाही.
रेडिओ म्हणतो उद्या दुपारी पाऊस,
आणि आमचं गवत उभंच.
पलीकडच्या कुरणात आउस्मुन्दुर
दहावी फेरी मारतोय.
मी सोळा वर्षांचा. माझ्या पायांत
त्या दहाच्या दहा फेऱ्या वळवळतायत.

आत्या गुडघ्यांवर.
यंत्र पूर्ण जमिनीला टेकलेलं; अधांतरी यंत्राखाली
ती कुत्र्यालासुद्धा जाऊ देत नाही.
ट्रॅक्टरकडून येणारा दांडा, त्यावरची पिवळी नळी
ती हाताने फिरवून बघते:
"ही मोकळी हवी. आत दांडा फिरला तरी हिने फिरायचं नाही.
अडकली, की ती दांड्याची झाली.
आपली नाही राहिली."
साखळीचा आकडा ओढते. एक बोल्ट सैल निघतो,
तो मलाच आवळायला लावते.

मग पडदा.
पात्यांभोवती परकरासारखा लोंबणारा जाड कॅनव्हास.
हातमोजा घालून ती वीत वीत पुढे सरकते
आणि मागच्या कोपऱ्यात थांबते.

तिथे फाटलेलं होतं. फाटलेलं शिवलेलं होतं.
जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने, सतरा टाके,
प्रत्येकाला कोळ्याची गाठ.
ह्येदिन आतोबांचं काम.
अर्धं आयुष्य बोटीवर काढून लग्नाने जमिनीवर आलेला माणूस,
जे फाटेल ते त्याला जाळंच वाटायचं.

मी म्हटलं, पक्कं आहे की.
ते गेल्यावरही दोन उन्हाळे टिकलंय.

आत्याने दोन टाक्यांमधून बोट पलीकडे घातलं
आणि माझ्याकडे बघत हलवलं.
"बोट जातं तिथून खडा येतो.
जाळ्यातून पाणी जायला हवं म्हणून
तो सवयीने जागा सोडायचा."

आउस्मुन्दुरच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत.
गवत अडकतं म्हणून त्याने पडदाच कापून टाकला होता एकदा.
जिवावरचं बोटांवर निभावलं, असं तो हसत सांगतो,
आणि लग्नाकार्यात त्याच्याशी हात मिळवताना
लहान मुलं हळूच मोजतात.
हल्ली दर वसंतात
त्याच्या यंत्राला कोरा पडदा असतो.

सुरीने एका मिनिटात सुटलं असतं.
आत्या एकेक गाठ नखाने सोडवत बसली.
मी माळ्यावरून नवा पडदा आणला,
त्याची दोन भोकं जुळेनात, ती पाडली,
बोटाला फोड आला, शिवी दिली,
तिने ऐकलं नाही असं दाखवलं.
आउस्मुन्दुर दिवे न लावताच घरी गेला. दिव्यांची गरजच नव्हती.

साडेबाराला तिने खिशाची चेन उघडली.
किल्लीला हिरवा दोरा गुंतून वर आला.
तिने तो सोडवला, बोटाभोवती गुंडाळून
परत आत ठेवला, चेन लावली,
आणि किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाली,
"कुत्रा आत बांधलाय का,
ते आधी बघून ये."