उतारा

शुक्रवारी सकाळी जेवणघराच्या लांब टेबलावरची
डाळीची ओल पुसून
मोतालेब मास्तर वह्या मांडतात.
बरिसालकडे नववीला शिकवायचे,
इथे परांचीवर नट आवळतात.
सोहारचा वारा आज भट्टीच्या बाजूचा,
खिडकीच्या जाळीवर काळी पूड.

पुस्तकात लहान लहान उतारे.
बालमजुरी. पाण्याची टंचाई.
घरकामातली समानता: चित्रात एक गोरा नवरा
एप्रन बांधून भांडी घासतो.
आम्ही चौदा जण आपापल्या ताटल्या घासून नुकते बसलेलो,
कुणी काही बोललं नाही.

उतारा म्हटलं की मला आजवर
तलाठ्याची कचेरी आठवायची,
सातबारा, आणि त्यावर चुलत्याचं नाव आधी.
नाहीतर विंचवावर मावशीने वाटलेला पाला.
इथे कळलं,
उतारा म्हणजे कुणाच्या तरी हालाच्या बारा ओळी
आणि खाली पाच प्रश्न.

उतारा क्रमांक सात, उन्हात काम करणारी माणसं.
आधी कठीण शब्द.
डिहायड्रेशन. शेड. एन्टायटल्ड.
शेवटचा मास्तरांनी टाइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
तीनदा लिहून दाखवला.
हकदार, म्हणाले मोडक्या हिंदीत.
मी वहीत उतरवून घेतला.
पुढे 'वाक्यात उपयोग करा' अशी रिकामी रेघ आहे,
ती अजून रिकामीच आहे.

मग चूक की बरोबर.
'कामगार दुपारी सावलीत विश्रांती घेतात.'
तिलबहादूरने हात वर केला,
सर, उताऱ्यात बघून लिहू
की साइटवर बघून?
सगळे हसलो. मास्तरही.
मग ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
परीक्षेत, म्हणाले, उताऱ्यात बघून.

त्यानंतर व्याकरण. पॅसिव्ह व्हॉइस.
पासपोर्ट ऑफिसात ठेवले जातात.
ओव्हरटाइम कापला जातो.
शाळेत कर्मणी प्रयोगापायी मी छड्या खाल्ल्या होत्या,
इथे तो आपसूक जिभेवर बसला.
अडलं ते वाक्य उलटं फिरवताना.
'बाय'च्या पुढे कोण?
फोरमन, गुरमेज म्हणाला.
पण फोरमनचाही पासपोर्ट त्याच कपाटात.
कंपनी, म्हणाला कुणी मागून, हळू.
कर्ता माहीत नसेल,
किंवा सांगायचा नसेल, मास्तर म्हणाले,
तर गाळला तरी चालतो.
वाक्य पूर्ण होतं.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी तोकडी पडते.
'वी'. बस, एवढंच.
आमच्याकडे आम्ही वेगळं नि आपण वेगळं.
उताऱ्याच्या शेवटी छापलंय, वी मस्ट ॲक्ट नाऊ.
मी समासात बारीक अक्षरात विचारून ठेवलं,
आम्ही? की आपण?
मास्तरांना दाखवलं तर म्हणाले,
बंगालीतही एकच आहे रे.

रात्री म्हसळ्याहून मिसबाहने निबंधाचा फोटो धाडला.
माय फादर लिव्ज इन गल्फ.
लाल पेन नव्हतं, बोटानेच स्क्रीनवर गोल काढून
'द' घातला. द गल्फ.
बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला
दोघांनाही आधीच ठाऊक असतं, बेटा,
त्याला द लागतो.
तिने लगेच विचारलं,
अब्बा, लिव्ज की इज लिव्हिंग?

नियम मला येतो.
कायमचं असेल तर लिव्ज, तात्पुरतं असेल तर दुसरं,
उतारा चारच्या खाली चौकटीत दिलंय.
अकरा वर्षं झाली.
सिन्स नाही, फॉर. तेही आता चुकत नाही.
थांब, सांगतो, एवढं लिहिलं
आणि अंगठा तसाच अधांतरी.

दिवा बंद केला गेला.
कर्ता वरच्या खाटेवर कूस बदलत होता,
त्याला पहाटे चारची बस.