सहा आठवडे

कपाटावर, बुटांच्या खोक्यात
एकवीस वड्या.
मधे बोटभर मोकळी जागा;
भांडुपच्या या मजल्यावर एवढी चैन कुणाला!

रोहिदास छताला सांगतो,
झोपेत खोबरेलाचा वास येतो म्हणून.
येऊ दे.

हवाच इतकी ओली की वड्यांना घाम फुटतो.
मी पुसत नाही. नुसत्या पालथ्या घालते, दर रविवारी.
खालच्या पेपरातली एक ओळ
एकीच्या पाठीवर उलटी उमटलीय:
कसले तरी भाव.

पहिल्या रविवारी जीभ लावून पाहिली.
चटका. कॉस्टिक अजून जागं होतं
आणि आमचं भांडणही.

आज पुन्हा लावली.
काही नाही. साबणाची चव, बास.

एक वडी मोरीत ठेवली,
त्याच्या टॉवेलाखाली.
बोलले नाही काही.